शिवारातला वॉकीटॉकी

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावाची चर्चा झाली, पीकविम्याची झाली, रानडुकरांनी केलेल्या नुकसानीच्या पंचनाम्याची झाली. आमच्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने लहान आहे. टेबलावर हे दोन काळे डबे ठेवले आहेत, त्यांच्याविषयी बोलायचे आहे. यांना वॉकीटॉकी म्हणतात. आमच्या गावात नुसते 'सेट' म्हणतात. पूर्वी हा सेट पोलिसाच्या नाहीतर फॉरेस्टच्या माणसाच्या खांद्याला दिसायचा. आता तो शेतकऱ्याच्या हाती आला आहे, आणि कसा वापरायचा हे कोणी सांगितलेले नाही. आम्हालाही सांगितले नव्हते. म्हणून ज्या चुका आम्ही केल्या त्या तुम्ही करू नयेत, एवढ्यासाठी उभे आहोत.

पहिला प्रश्न सगळे विचारतात, मोबाईल खिशात असताना हे खेळणे कशाला? आमचे शिवार टेकडीच्या मागे आहे. गावात फोन लागतो, नाला ओलांडला की रेंज जाते. दुसरे असे की फोन एकाला लागतो. रानडुकरांचा कळप खालच्या वावरात घुसला तर आठ जणांना आठ फोन करीपर्यंत ज्वारी आडवी होते. सेटवर बटण दाबून एकदा बोलले की आठही जण ऐकतात. आमच्याकडे डुकरांच्या आणि रोह्यांच्या त्रासाने लोकांनी ज्वारी पेरणेच सोडले होते. घरची भाकरी विकत घ्यायची पाळी आली. मग आम्ही आठ जणांनी ठरवले, ज्वारी एका अंगाला, लागून लागून पेरायची, चार मचाणे बांधायची आणि जागल वाटून घ्यायची. सेट आले ते त्या जागलीसाठी. काही ठिकाणी लोक तारेत घरचा करंट सोडतात. डुकरासाठी सोडलेल्या करंटने पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी मरतो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

कायद्याचे आधी

आम्ही पहिले सेट घेतले ते स्वस्तात मिळाले म्हणून. पाच वॅटचे, लांब एरियलचे, आकड्यांची बटणे असलेले. विकणाऱ्याने परवान्याचे नावही काढले नाही. दोन महिन्यांनी ठाण्यातून माणूस आला आणि म्हणाला, 'हे कोणाच्या परवानगीने चालवता?' आम्ही म्हणालो, 'आमचे वावर, आमचे पैसे, आमचा आवाज, परवानगी कसली?' परवाना म्हटले की आपल्या अंगावर काटा येतो, आणि तो उगाच येत नाही. पण त्या दिवशी घरी येऊन विचार केला तेव्हा या एका बाबतीत आमचेच चुकले होते असे दिसले.

बिनताराच्या लहरी या गावच्या पाणंदीसारख्या आहेत. पाणंद कोणा एकाची नसते. तिथे कोणी आडवी बैलगाडी उभी केली तर मागचा सगळा गाव अडतो. ते पाच वॅटचे सेट आकडे दाबले की कुठल्याही वाटेवर जातात. त्यातल्या एखाद्या वाटेवर रेल्वेचा गार्ड आणि ड्रायव्हर बोलत असतात, एखादीवर पोलीस, एखादीवर वनखाते. आपण डुकरे हाकताना नेमका त्यांचा आवाज दाबला तर? म्हणून 1885 चा तार कायदा, 1933 चा बिनतारी कायदा आणि संसदेने 2023 मध्ये केलेला दूरसंचार कायदा, तिन्ही कायद्यांत या बाबीवर सरकारचा ताबा ठेवलेला आहे.

पण त्यातही शेतकऱ्यासाठी एक मोकळी वाट आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. 2018 साली केंद्र सरकारने नियम काढून 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ एवढा पट्टा कमी ताकदीच्या सेटसाठी परवान्यातून मोकळा केला. अट अशी की सेटची ताकद अर्ध्या वॅटच्या वर नको, एरियल सेटलाच पक्के बसवलेले हवे, आणि सेटला दूरसंचार खात्याची मान्यता हवी. तिला ईटीए म्हणतात. दुकानदाराला विचारायचे ते एवढेच, '446 चा आहे का? अर्ध्या वॅटचा आहे का? ईटीए कुठे आहे, दाखवा.' तो गडबडला तर उठून यायचे. 2025 मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांना या प्रकरणी नोटिसा दिल्या आणि मार्गदर्शक तत्त्वेही काढली. तेव्हा फसलेले आम्ही एकटेच नव्हतो एवढे समाधान झाले.

या मोकळ्या वाटेवर कोणाचा हक्क नसतो. दुसऱ्याने अडथळा केला तरी तक्रार चालत नाही, आणि आपण कोणाला अडथळा करायचा नाही. ज्यांना जास्त ताकदीचे सेट हवेत त्यांना दूरसंचार खात्याकडून लहर नेमून घ्यावी लागते, फी भरावी लागते. आणखी एक प्रकार हॅम रेडिओचा आहे. परीक्षा देऊन परवाना मिळतो, भूज भूकंपात 2001 साली आणि अंदमानात सुनामीच्या वेळी 2004 साली या हॅमवाल्यांनी मोठे काम केले. पोरांना आवड असेल तर जरूर परीक्षा द्यावी. पण तो परवाना धंद्याच्या कामासाठी चालत नाही, शेतीच्या जागलीसाठी तो नाही.

सेट लावायचा कसा

खोक्यावर लिहिलेले असते, 'दहा किलोमीटर'. ते एका डोंगराच्या माथ्यावरून दुसऱ्या डोंगराच्या माथ्यावर, मध्ये झाड नाही घर नाही अशा जागी. आमच्या शिवारात मचाणावरून मचाणावर दीड किलोमीटर स्वच्छ ऐकू येते. तोच माणूस खाली उतरून पुरुषभर उंच ज्वारीत उभा राहिला की अर्ध्या किलोमीटरपुढे नुसती खरखर. या लहरी साधारण नजरेसारख्या सरळ जातात. टेकडी आडवी आली की अडतात, दाट ओल्या पिकात मंदावतात. आवाज कमी आला तर सेट बदलायच्या आधी जागा बदलून बघावी. चार पावले धुऱ्यावर चढले तरी फरक पडतो. सेट कमरेला लावून बोलले तर आपलेच अंग आड येते, म्हणून तोंडासमोर उभा धरावा, एरियल आभाळाकडे.

नवा सेट आणला की पहिल्या दिवशी एकाने गावातल्या वट्यावर बसावे, दुसऱ्याने शिवाराच्या कडेकडेने फिरावे आणि प्रत्येक धुऱ्यावरून हाक द्यावी. जिथे ऐकू आले नाही ती जागा कागदावर खूण करून ठेवावी. आमच्या कागदावर अशा तीन जागा निघाल्या. रात्री त्या जागेत एकट्याने जायचे नाही, असा आमचा नियम आहे.

सगळ्या सेटचा चॅनेल एकच हवा. या पट्ट्यात सोळा चॅनेल बसतात. त्याखाली आणखी एक बारीक आकडा असतो, त्याला कोड म्हणतात. तोही सगळ्यांचा सारखा नसेल तर चॅनेल जुळूनही आवाज येत नाही. आमचा पहिला आठवडा यातच गेला. एकाच्या पोराने खेळता खेळता कोड बदलला आणि आम्ही सेट बिघडला म्हणून शहरात नेला. दुसरी गोष्ट, विकणारे त्या कोडला 'प्रायव्हसी' म्हणतात. खासगी वगैरे काही नाही. कोडमुळे दुसऱ्याचे बोलणे तुमच्या कानावर येत नाही एवढेच, तुमचे बोलणे मात्र त्याच चॅनेलवरचा कोणीही ऐकू शकतो. तेव्हा कापूस किती विकला, पैसे घरात कुठे ठेवले, घरी आज कोणी नाही, असले काही सेटवर बोलू नये.

चॅनेल लागला की किल्लीचे बटण दाबून कुलूप लावावे, म्हणजे खिशात आकडा हलत नाही. आवाजाने आपोआप चालू होण्याची सोय असते, तिला व्हॉक्स म्हणतात, ती बंद ठेवावी. वाऱ्याने सुद्धा सेट बोलायला लागतो.

बोलायचे कसे

बटण दाबा, एक श्वास थांबा, मग बोला. लगेच बोलले की पहिला शब्द कापला जातो. 'येऊ नका' मधला शेवटचा शब्द बटण लवकर सोडल्याने कापला गेला तर 'येऊ' एवढेच ऐकू येते, आणि माणूस येतो. तोंडापासून सेट तीन-चार बोटे दूर धरावा. ओरडू नये, ओरडल्याने आवाज फाटतो. बोलून झाले की 'बोला' म्हणायचे आणि बटण सोडायचे. एक बोलतो तेव्हा दुसऱ्याने दाबायचे नाही, कारण दोघांचेही कोणाला कळत नाही. ग्रामसभेत हे जमत नाही, सेटवर जमवावे लागते.

एका रात्री आमच्यातला एक जण मचाणावर सेट कुशीखाली घेऊन झोपला. बटण दबले गेले. तासभर सगळ्या शिवाराला त्याचे घोरणे ऐकू येत होते आणि दुसऱ्या कोणालाच बोलता येत नव्हते. त्याच तासात नाल्याकडून कळप आला आणि अर्धा एकर हुरड्यात आलेली ज्वारी गेली. घोरण्याची थट्टा अजून चालते, पण ज्याची ज्वारी गेली तो हसत नाही. तेव्हापासून सेट मचाणाच्या खुंटीला टांगायचा, अंथरुणात घ्यायचा नाही.

आता जे सांगतो ते नीट ऐका. दोन वर्षांपूर्वी भादव्यात रात्रपाळीच्या विजेवर मोटार चालू करायला गेलेल्या आमच्या एका भावाला घोणस चावली. त्याच्याकडे सेट होता. त्याने हाक दिली, 'साप चावला, मोटारीजवळ आहे, लवकर या.' आम्ही चौघे धावलो. कोणत्या मोटारीजवळ? त्या पट्ट्यात पाच मोटारी आहेत. दोघे विहिरीच्या मोटारीकडे गेले, दोघे बोअरकडे, आणि तो होता नाल्याच्या मोटारीजवळ. परत विचारले तर घाबरून त्याने बटण दाबूनच ठेवलेले, आमचे त्याला ऐकू जाईना. पंधरा-वीस मिनिटे अशी गेली. शेवटी त्याच्या बॅटरीचा उजेड दिसला म्हणून सापडला. गावात रेंजमध्ये आल्यावर 108 ला फोन लावला, दवाखान्यात लस मिळाली, जीव वाचला. पाय अजून पहिल्यासारखा चालत नाही. ती वीस मिनिटे आधी गेला असता तर पाय कसा राहिला असता, हा प्रश्न आम्ही त्याला कधी विचारत नाही, पण आम्हाला तो पडतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिवाराला नावे ठेवली. म्हणजे चुन्याने आकडे घातले. प्रत्येक विहीर, मोटार, मचाण, मोठे झाड, सगळ्यांना आकडा. तो आकडा खांबावर, दगडावर रंगवला. यादी प्रत्येकाच्या सेटच्या पिशवीत. आता हाक द्यायची ती अशी : आधी जागा, मग काय झाले, मग काय पाहिजे. 'सात नंबर. सात नंबर. साप चावला. गाडी आणा. बोला.' ऐकणाऱ्याने तेच परत म्हणून दाखवायचे, म्हणजे चूक झाली असेल तर तिथेच कळते. आकडे सुटे सुटे म्हणायचे. 'एकोणसत्तर' आणि 'एकोणऐंशी' खरखरीत सारखेच ऐकू येतात, 'सहा नऊ' आणि 'सात नऊ' निराळे येतात. आणि एक जण, पाळीपाळीने, गावाच्या बाजूला रेंजमध्ये बसतो. सेटवरून पोलीस किंवा दवाखाना मिळत नाही, 108 आणि 112 फोनवरच लागतात. सेटचे बोलणे फोनवर पोचवायला मधला माणूस हवाच.

धोका कुठे कुठे

सेटच्या लहरींनी डोके खराब होते का, असे बायाबापड्या विचारतात. अर्ध्या वॅटचा सेट तोंडासमोर धरून थोडा वेळ बोलल्याने तसे काही होत नाही. बोलताना एरियल हातात धरू नये, डोळ्याला लावू नये. छातीत पेसमेकर बसवलेला असेल त्याने सेट छातीच्या खिशात ठेवू नये, वीतभर तरी दूर ठेवावा आणि डॉक्टरला विचारावे. खरे धोके वेगळ्याच ठिकाणी आहेत.

पहिला धोका विहिरीवर. आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरी खोदायचे आणि खोल करायचे काम चालते, खडकाला सुरुंग लावतात. विजेवर उडणाऱ्या डेटोनेटरला दोन लांब तारा असतात, आणि आत केसासारखी बारीक तार असते. बॅटरीचा करंट गेला की ती तापते आणि सुरुंग उडतो. आता त्या दोन मोकळ्या तारा म्हणजे काय झाले? एरियलच झाले. जवळ कोणी वॉकीटॉकीचे बटण दाबले तर त्या तारांत करंट निर्माण होऊ शकतो, आणि माणसे विहिरीत असताना सुरुंग उडू शकतो. आमच्यातला एक जण जेवणाचा डबा द्यायला अशाच एका विहिरीवर गेला. हातात सेट, बोलत बोलत. सुरुंगवाला म्हातारा खालून ओरडला, शिव्या दिल्या, आणि सेट बंद करून शंभर पावलांवर दगडाखाली ठेवायला लावला. त्या शिव्यांचे आम्ही आजही उपकार मानतो. केंद्र सरकारने 1 एप्रिल 2025 पासून असल्या विजेच्या डेटोनेटरवर बंदी आणली आहे. पण जुना माल कोणाच्या कोठडीत आहे हे बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून नियम एकच, सुरुंगाचे काम असलेल्या विहिरीवर सेट न्यायचा नाही. न्यायचाच प्रसंग आला तर लांबच बंद करायचा आणि बॅटरी काढायची. नुसता बोललो नाही म्हणून भागत नाही, बटण चुकून दाबले जाते.

दुसरा धोका घरात. दिवाळीनंतर आपल्या घरात कापूस असतो. भाव नाही म्हणून ठेवलेला असतो, छतापर्यंत ढीग असतो, आणि घरातला एकच प्लग त्या ढिगाच्या बाजूला. आमच्यातल्या एकाने चार्जर त्याच ढिगावर ठेवला होता. बॅटरी मूळची नव्हे, स्वस्तातली दुसरी. रात्री प्लास्टिक जळाल्याचा वास आला म्हणून म्हातारी उठली, तिने प्लग ओढला आणि चार्जर काठीने अंगणात फेकला. चार क्विंटल कापूस आणि पाच माणसे एका म्हातारीच्या नाकावर वाचली. या लिथियमच्या बॅटरीला एकदा आग लागली की ती सहज विझत नाही. तेव्हा चार्जर फरशीवर किंवा पाट्यावर ठेवावा, भोवती कापूस, कडबा, गोणपाट नको. दिवसा चार्ज करावा, कोणी जागे असताना. सेटबरोबर आलेलाच चार्जर वापरावा. सौर पॅनेलची किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीची तार सरळ सेटला जोडणारे कारागीर प्रत्येक गावात आहेत, त्यांच्या हाती सेट देऊ नये. फुगलेली बॅटरी टाकून द्यावी, चुलीत मात्र नाही. वैशाखात पत्र्याच्या कोठ्यात किंवा ट्रॅक्टरच्या सीटवर सेट ठेवू नये.

विजांचे थोडक्यात. हातातला छोटा सेट वीज ओढून घेत नाही, पण उघड्या माळावर उभा असलेला माणूस धोक्यात असतोच, सेट असो वा नसो. मचाण म्हणजे तर शिवारातली सगळ्यात उंच जागा. गडगडाट ऐकू आला की मचाण सोडायचे, झाडाखाली थांबायचे नाही, पक्क्या घरात यायचे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. पुण्याच्या हवामान संस्थेचे 'दामिनी' नावाचे ॲप आहे. आमचा गावाकडे बसलेला माणूस ते बघतो आणि सेटवर 'सगळ्यांनी या' म्हणतो. यावर वाद घालायचा नाही असे ठरलेले आहे. आवाज लांब जावा म्हणून बांबूला तार बांधून वर चढवणे हा प्रकार तर कधीच करू नये. एक तर तो सेट मग परवान्याच्या सवलतीत राहत नाही, दुसरे म्हणजे वरून 11 हजार व्होल्टची लाइन जाते.

फवारणीच्या दिवशी सेट पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवावा, पिशवीतूनही आवाज जातो. औषधाचा हात सेटला आणि सेट तोंडाला, असे होऊ नये. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने काय झाले ते इथे बसलेल्या काही घरांना माहीत आहे. फवारणाऱ्याला मळमळ झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्याने लगेच हाक द्यावी, पंप संपवून मग नाही. बाकीच्यांनी दर अर्ध्या तासाने त्याला हाक द्यावी. उत्तर आले नाही तर चालत जाऊन बघावे.

खर्चाचे विचारता तर आम्ही आठ जणांनी वर्गणी काढली, आणि दोन सेट जादा घेतले, बिघाडासाठी. ते दोन सेट हे टेबलावर आहेत. चहाच्या सुट्टीत एक जण हा सेट घेऊन शाळेच्या मागच्या मैदानात जाईल. ज्यांना बोलून बघायचे आहे त्यांनी रांगेत यावे. मायबहिणींची रांग आधी, कारण आमच्या गावात हाक सगळ्यात स्पष्ट त्याच देतात. बटण दाबा, एक श्वास थांबा, जागा सांगा, मग बोला.